हिरव्या एमजीचं गिऱ्हाईक

१७ नोव्हेंबर १९९६, सातारा

डोळ्याच्या डॉक्टरने आज निकाल दिला. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याला जपा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. किती सहज म्हणाला! जणू तंबाखू सोडा म्हणतोय. मी त्याला सांगितलं, कोयना प्रकल्पावर सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपात काढलीय, कुंभार्ली घाटातून ब्रेक गेलेला डंपर मी उतरवून आणलाय. तर म्हणतो, "तेव्हा दोन डोळे होते, बनसोडे." फी घेतली ती घेतली, वर हे.

घरी आलो आणि शेडचं दार उघडून माझ्या एमजी मोटारीजवळ उभा राहिलो. बावन्न सालची, इंग्लंडची बनावट, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, पाऊस आला तर कापडी टप ओढायचा. माधवनगरला एका बंद गिरणीच्या मागे पडली होती, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भंगार म्हणून उचलली. हिच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, हे भंगारवाल्याला माहीत नव्हतं आणि वाळवीला माहीत होतं. तो अख्खा सांगाडा सागवानात नवा केला. दोन कार्ब्युरेटर एका सुरात आणायला एक पावसाळा गेला. रंग मूळचाच, गर्द हिरवा, दुसरा द्या म्हणणारे खूप भेटले. आणि आता म्हणे चालवणं बंद.

संध्याकाळी रोहनचा पुण्याहून फोन आला. डोळ्याचं ऐकून म्हणाला, "मग आता इकडेच या ना तुम्ही, बाबा." मी लगेच म्हणालो, येतो. पलीकडून बराच वेळ काही ऐकूच येईना. टेलिफोन खात्याची लाईन ही अशी!

आमची भामा ऐकून भाकऱ्या थापत राहिली. पण नातवाची ओढ कुठल्या आजीला नसते? मला इथंच बरं वाटतं, पण आयुष्यभर ती माझ्यामागे फिरली, आता मी तिच्यासाठी एवढं करीन. गाडी विकायची. गाडी गेली की घर भाड्याने देऊन पुणं गाठायचं.

२१ नोव्हेंबर

रोहनच्या अटी सुरू झाल्या. सोसायटीत जुन्या गाडीला जागा नाही, हे ठीक. पण भिंतींना नवा रंग दिलाय, खिळे मारायचे नाहीत, म्हणून मोठे फोटो आणू नका! कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये सदुसष्टच्या भूकंपात कपाट आडवं झालं, पण बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून हलला नव्हता. तो आता पुण्याच्या रंगाला जड होतो काय? नातवाच्या नावाचंही असंच. मी प्रबुद्ध सुचवलं होतं. "हल्ली असली नावं ठेवत नाहीत, बाबा," म्हणून प्रांजल ठेवलं. आजोबाला विचारायची पद्धतच राहिली नाही.

भामाला फोटोचं सांगितलं. ती जोंधळे निवडत होती. म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या की त्यो हितंच. आन त्येच्याजवळ आपुनबी ऱ्हाऊ."

मला हसू आलं. तिच्या तोंडून थट्टा क्वचितच निघते.

२८ नोव्हेंबर

सांगलीच्या पेपरात जाहिरात दिली होती, तिचं पहिलं फळ आज मिळालं. पाचगणीकडचा हॉटेलवाला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "इंजिन काढून टाकू. आत माती भरून फुलझाडं लावली की गेटवर झकास दिसंल."

फुलझाडं! मी त्याला शेडच्या बाहेर काढला, मग फाटकाच्या बाहेर काढला. त्याचा चहा अर्धाच राहिला. आता आपल्याला बोलणी बसणार म्हणून मी घरात आलो, तर भामा खुशीत. "लय ब्येस केलंत," म्हणाली. विकायची आहे ना आपल्याला? गिऱ्हाईक हाकललं म्हणून कोणाची बायको खूश होते? बायकांचं मन कळायला वेगळी पाना-पक्कड लागते.

६ डिसेंबर

दरवर्षी मी आजच्या दिवशी मुंबईला असतो. यंदा डोळ्यामुळे विहारातच कार्यक्रम केला. भामाने सगळ्यांना त्रिशरण-पंचशील दिलं. तिचा आवाज खणखणीत आहे, अख्खी गल्ली तिच्या मागून म्हणते.

घरी येऊन रोहनला फोन लावला. त्यानेच उचलला. मी म्हणालो, "जय भीम, रोहन." तर म्हणतो, "हां हां, नमस्कार काका. मी नंतर करतो फोन." आणि ठेवून दिला.

काका! बापाला काका! मागे माणसांच्या हसण्याचे आवाज येत होते, गडबडीत माझा आवाज ओळखला नसेल. तरी आजच्या दिवशी दोन मिनिटं काढायला काय होतं? इंजिनियर झाला, कंपनीत साहेब झाला, पण फोनवर बोलायची रीत शिकला नाही. मी भामाजवळ चांगलाच तडकलो.

"पावनं आलं आसत्याल," ती म्हणाली, आणि उठून गेली. पोराची बाजू घ्यायला ही कायम तयार.

१५ डिसेंबर

आज खरं गिऱ्हाईक आलं. सांगलीचे एक हाडांचे डॉक्टर. माणूस जाणकार. बॉनेट उघडताच म्हणाले, "वा, दोन्ही कार्ब्युरेटर मूळचे!" मी शेजारी बसलो आणि त्यांनी चालवली. गोडोलीतून निघून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. काच पुढे आडवी पाडली होती, वारा थेट तोंडावर. डॉक्टर लहान पोरासारखे हसत होते. परत आल्यावर हात पुढे करून म्हणाले, "ठरलं, बनसोडे."

मी टप बांधेपर्यंत ते आत चहाला गेले. बाहेर आले ते वेगळेच. गाडीकडे बघेनात. म्हणाले, "आईला विचारून कळवतो." पन्नाशीचा डॉक्टर, लोकांची हाडं जोडतो, आणि आईला विचारून कळवणार!

२० डिसेंबर, सांगली

कळवलं तर नाहीच. म्हणून सकाळच्या एसटीने स्वतः आलो. दवाखान्यात नंबर लावून बसलो, पायाला प्लॅस्टर घातलेल्या माणसांच्या मध्ये मी धडधाकट. आत गेल्यावर डॉक्टर इकडेतिकडे बघत म्हणाले, "राग मानू नका. त्या गाडीत एक साहेब वारला होता ना? स्टेअरिंगवर मान टाकून? अमावास्येला हॉर्न आपोआप वाजतो म्हणे."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणे, नाव घेणार नाही असा शब्द दिलाय. मी म्हणालो, डॉक्टर, तुम्ही माणूस कापून आत बघितलाय, कुठल्या हाडात भूत सापडलं ते सांगा! बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. ते म्हणाले, "मी मानत नाही हो, पण घरातले मानतात." शिकलेल्या माणसाचं हे पेटंट उत्तर. स्वतः कोणीच मानत नाही, घरातले मानतात.

तसाच माधवनगरला गेलो. गिरणीच्या चाळीत मनुबाई म्हणून म्हातारी आहे, गाडी ज्याची होती त्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर पूर्वी कामाला होती. तिला विचारलं, गाडीत कोणी मेलं होतं का. म्हणाली, "कोन मरतंय? म्यानेजर तर मडमेला घिऊन जित्ता गेला की हितनं. माजा दोन म्हैन्याचा पगार बुडवून ग्येला, भाड्या."

म्हणजे ही अफवा साताऱ्यातच शिजलेली आहे. आणि ती कोणी शिजवली असेल, हे मला माधवनगरहून परतताना एसटीत बसल्या बसल्या कळलं.

२१ डिसेंबर

तात्याबा. दुसरं कोण? प्रकल्पावर माझ्याच हाताखाली होता, आता शेजारी राहतो आणि रोज दुपारी माझ्या शेडात येऊन पेपर वाचतो. त्याला पहिल्यापासून एमजी हवी होती. गिऱ्हाईकं पळवून शेवटी भंगाराच्या भावात घ्यायचा डाव! मी तोंडावर सांगितलं.

तो आधी हसला. मग मी गंभीर आहे हे पाहून त्याने चष्मा काढला. "राजाराम, गड्या, माज्या नावावर भुतं खपवतोस? भूत हाय म्हनून ठावं आसतं तर दुपारच्याला तुज्या शेडात घोरत पडलो आसतो व्हय रं?"

"मग कोणी पसरवलं?"

"मला काय ठावं? तुज्या घरात यिऊन च्या पिल्याबिगर कुनी जात न्हाई, येवढं ठावं हाय."

चहाचा काय संबंध! विषय बदलायला काहीही बोलतो. मी म्हणालो, पुन्हा शेडात पाऊल टाकायचं नाही. तो पेपर घडी करून गेला. खरं बोललं की माणसाला झोंबतं.

३ जानेवारी १९९७

कोल्हापूरचा बांधकामवाला. गळ्यात साखळी, हातात नारळ आणि लिंबू घेऊनच आला, आजच घेऊन जातो म्हणाला. लिंबू-मिरचीला माझा विरोध आहे, पण तो गाडी घेतल्यावर त्याचा प्रश्न. चहा झाला. नारळ आणि लिंबू घेऊन तो परत गेला. फाटकातून निघताना तोच प्रश्न: "काका, आमुशाला कधी हॉर्न ऐकला काय वो तुमी?"

बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी मुलगा. अंधश्रद्धेवर विहारात वर्षातून दोनदा मी भाषण करतो. माझ्या गाडीत भूत! निदान दुसऱ्या कोणाच्या गाडीत तरी घालायचं.

संध्याकाळी घरात वंदना घेताना भामाचा आवाज मध्येच बसला. पहिली तीन शीलं नीट म्हणाली, चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शिलाला, नुसते ओठ हलवले, पाचव्याला पुन्हा आवाज आला. काल-परवाही असंच झालं होतं. थंडी बाधली असणार. मी हळद घालून दूध दिलं आणि सगळं पिऊन टाक म्हणून दरडावलं. तिने मुकाट्याने प्यायलं. मग म्हणाली, "आवं, नगाच इकू की गाडी."

मी म्हणालो, माझ्यासाठी जीव तोडू नकोस, मी ठरवलंय. तुला पुण्याला न्यायचं म्हणजे न्यायचं.

१० जानेवारी

काल अमावास्या झाली. मी आधीच एक उपाय केला होता. मोठ्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहून शेडच्या दाराला टांगलं: 'या गाडीत कोणीही मेलेलं नाही.'

झालं! ज्यांना भुताचं माहीत नव्हतं तेही विचारायला लागले, कोण मेलं नाही म्हणे? शाळेची पोरं रांगेने येऊन बघून गेली. एका बाईने दाराशी भात आणि अंडं ठेवलं. तात्याबा आपल्या ओट्यावर बसून हे बघत होता आणि खांदे हलवत होता. पाटी मी काढून चुलीत घातली. या गावात खरं सांगायची सोय राहिली नाही.

रोहनने विचारलं, काय झालं गाडीचं? मी म्हणालो, लोक मूर्ख आहेत. म्हणाला, "असू दे, बाबा." समजूतदार आहे पोरगा, काही झालं तरी.

१९ जानेवारी

गाडी गेली.

सकाळी वडूजकडून एक तरुण आला, राजवर्धन. सांगलीत त्याचा ट्रकचा धंदा आहे. बरोबर त्याचा आजा कोंडीबा, धोतर, फेटा, खांद्यावर घोंगडी. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली माणसं. मला वाटलं नातू बघणार आणि आजा कंटाळणार, पण उलटंच. गाडीचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर उघडतं, ते म्हाताऱ्याने दोनदा उघडून मिटून पाहिलं, आत बसला आणि वर बघितलं.

"हे बेस हाय," म्हणाला. "पोरानं मागं येक मोटार घेतली, तिच्यात बसलं की पेटीत घातल्यागत वाटतंय. समदा जन्म आभाळाखाली ग्येला माजा. हिच्यात आभाळ दिसतंय."

इतक्या वर्षांत ही गाडी कशासाठी आहे, हे एका वाक्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी किंमत थोडी उतरवली, कोणी न सांगता. चहा झाला, मी धसकाच घेतला होता, पण चहानंतरही दोघे जागेवरच. कागदांवर सह्या झाल्या. राजवर्धनला चोक किती ओढायचा, गरम झाल्यावर कधी सोडायचा, सगळं शिकवलं. त्याने एकदाच नीट ऐकलं आणि तसंच केलं.

निघताना मला राहवलं नाही. म्हणालो, "आजोबा, या गाडीबद्दल काही वेडंवाकडं कानावर आलं तर विश्वास ठेवू नका."

कोंडीबा म्हणाला, "आलंय की. तुमच्या मालकिनीनं सांगितलं मगाशी च्या देताना. सायेब हिच्यातच ग्येला, आमुशाला हारन वाजतुया. आवं, मसनवट्यात मेंढरं बसवून झोपलेली मानसं आमी. सायेब आला तर त्येलाबी बसवू की मदी. जागा दोनच हायती, जरा सरकून बसू."

ते हसले. राजवर्धनने गाडी सुरू केली. मी हात वर केला असेल बहुतेक. वळणावर एकदा हिरवं दिसलं आणि आवाज लांब लांब गेला. शब्द दिला होता, सही झाली होती. नाहीतर तिथेच अडवली असती.

२० जानेवारी

काल पुढचं लिहवेना. राग मावत नव्हता.

मी आत गेलो तेव्हा भामा कपबशा विसळत होती. मी ओरडलो. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे. तू? विहारात शील देणारी तू? भूत? तात्याबाला मी काय काय बोललो! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!

तिने हात पुसले. "व्हय, मीच. म्हनून चौथं शील म्हनवत न्हवतं. खोटंबी बोलायचं आन वर ते म्हनायचं, दोन्ही कसं जमायचं?"

"पण का? तुझ्यासाठीच चाललं होतं सगळं! नातवापाशी जायचं नाही तुला?"

"तुमी कवा इचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. मागच्या वर्षी बाळाच्या वेळी ती पुण्याला गेली आणि हवा मानवली नाही म्हणून लवकर परत आली, तेव्हाचं. दारावर पाटी आहे: सातारकर. आमच्या घराण्यात सातारकर कोणी नाही. आम्ही बनसोडे. रोहनने तिला बाजूला घेऊन सांगितलं, आई, शेजारी कोणी आडनाव विचारलं तर सातारकर सांग, इथे फ्लॅट मिळताना लय त्रास झाला होता, आता सगळं नीट चाललंय. समोरच्या बाईने विचारलं. भामाने सांगितलं, सातारकर.

"म्या सांगितलं. लेकासाठनं सांगितलं. पर त्या घरात परत पानी ग्वाड लागंना मला," ती म्हणाली. "सूनबाईला वंगाळ वाटतंय, तीबी रडली माज्यापाशी. पर तुमाला कळलं आसतं तर? तुमी थितं दारात उभं ऱ्हाऊन आरडला आसता. लेकाचं त्वांड बगायचं सोडलं आसतं. म्हनलं, गाडी इकलीच न्हाई तर जायाचंच ऱ्हाईल. कुनाचं काय बिगडतंय, भुताचं?"

माझ्या डोक्यात सगळं गरागरा फिरायला लागलं. खिळे. काका. प्रांजल. मूर्ख डॉक्टर, मूर्ख बांधकामवाला, मूर्ख तात्याबा म्हणून मी दोन महिने जगाला शिव्या दिल्या. वाळवी लागलेल्या लाकडाचा तुकडासुद्धा मी हातात घेऊन ओळखतो, आणि पोटच्या पोराचं मला काही दिसलं नाही! माझ्या बापाने याच आडनावाने गावाबाहेरच्या विहिरीवर पाणी काढलं आणि याच आडनावाने मला शाळेत घातलं. ते नाव याला लाज वाटण्यासारखं? आणि ज्या लोकांनी त्याला खोलीसुद्धा दिली नाही, त्यांना नाही लाज वाटली? त्यांच्या पाट्या बदलल्या नाहीत कोणी!

मी फोनकडे गेलो. भामा आधीच तिथे उभी. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "लावा. पर आदी मला सांगा, लेक पायजे का आडनाव?"

"दोन्ही पाहिजेत मला!"

"मलाबी दोन्ही पायजेत. म्हनून तर गप बसले. तुमीबी बसा थोडं दिस. त्येचं त्येला उमजंल. आन न्हाई उमजलं तर मंग मीच जाऊन पाटी काडीन, माज्या हातानं."

रात्रभर हे डोक्यात घोळलं. ती बरोबर आहे असं मी अजून म्हणत नाही.

२२ जानेवारी

तात्याबाच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याने पेपरचं एक पान काढून माझ्याकडे सरकवलं. बराच वेळ वाचत बसलो. एका डोळ्याने वाचताना डोकं दुखतं, पण उठलो नाही.

२६ जानेवारी

सकाळी रोहनचा फोन. शेड मोकळी, दार उघडं, आत ऑइलचा डाग आणि तात्याबाची खुर्ची.

"बाबा, गाडीचं जमलं का काही?"

दोन दिवस मी वाक्यं तयार करत होतो. तू कोण आहेस, कोणाचा आहेस, सगळी क्रमाने. भामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, पिठाच्या हातांनी.

मी म्हणालो, "नाही रे. गिऱ्हाईकच मिळत नाही. आता मिळेल असं वाटतही नाही. आमचं येणं काही खरं दिसत नाही."

भामाने डोळे मिटून घेतले.

पलीकडे क्षणभर शांत होतं. या वेळी लाईन चांगली होती. मग रोहन बोलला, "काही घाई नाही, बाबा! सावकाश विका. अगदी वर्ष लागलं तरी चालेल. चांगला माणूस मिळेपर्यंत अजिबात देऊ नका." आणि मग आपणहून बोलतच राहिला, प्रांजल कसा रांगतो, ऑफिसात काय चाललंय, आईचे गुडघे कसे आहेत. मध्येच मोठ्याने हसलासुद्धा. बारावीचा निकाल लागला त्या दिवसानंतर त्याचा इतका आनंदी आवाज मी ऐकला नव्हता.